हेकाटोम्बे: शंभर बैल म्हणायचं आणि बाराच द्यायचे?

यावेळी एकाच शब्दावर पाच पत्रं आलीत आणि ती एकमेकांत इतकी अडकलीत की एकाला उत्तर दिलं तर दुसऱ्याचं अर्धं त्यातच येतं. म्हणून इतर प्रश्न पुढच्या अंकाला ठेवलेत. रागावू नका.

प्रश्न: नमस्कार ताई, मी सोलापूरला इंग्रजी घेऊन एमए करतेय, आम्हाला होमरचं इलियड लावलंय, ट्रॉयच्या युद्धावरचं ग्रीक महाकाव्य. त्यात हेकॅटूम हा शब्द सारखा येतो आणि तळटीपेत लिहिलंय 'शंभर बैलांचा बळी'. पण सहाव्या सर्गात ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर सैन्याला सांगतो की मी शहरात जाऊन म्हाताऱ्यांना आणि बायकांना देवांना हेकॅटूमचा नवस बोलायला सांगतो, आणि घरी पोचल्यावर आईला सांगतो बारा कालवडी. मग शंभर कुठे गेले? टीप चुकली का होमर चुकला? (एक विद्यार्थिनी, सोलापूर)

उत्तर: दोघंही चुकलेले नाहीत, आणि तुम्ही हे पकडलंत याचा मला खरंच आनंद झाला कारण बहुतेक जण टीप वाचून पुढे जातात.

आधी शब्द फोडू. मूळ ग्रीक शब्द हेकाटोम्बे. पुढचा भाग हेकाटोन म्हणजे शंभर. मागचं 'बे' म्हणजे बूस या शब्दाचा समासात आखडलेला तुकडा, आणि बूस म्हणजे गाय किंवा बैल, ग्रीकमध्ये एकच शब्द दोघांना चालतो. म्हणजे झालं 'शंभर गुरं'. इंग्रजीत जाता जाता शेवटचा स्वर गळाला आणि हेकॅटूम उरलं. टीप इथपर्यंत बरोबर आहे, पण ती इथेच थांबते ना, तिथे घोळ होतो.

आता होमर तो शब्द वापरतो कसा ते बघा. पहिल्याच सर्गात अपोलो देवाचा कोप झालाय, नऊ दिवस ग्रीकांच्या छावणीत साथ चाललीय, शेवटी पुजारी ख्रिसेसची मुलगी परत द्यायचं ठरतं आणि ग्रीकांचा सरसेनापती आगामेम्नोन एक जहाज पाण्यात ढकलायला लावतो. त्यात वीस वल्हेकरी बसवतो, देवासाठी हेकाटोम्बे चढवतो, मुलीला चढवतो, आणि ओडिसियसला म्होरक्या करून पाठवतो. वीस वल्ह्यांचं जहाज. खाडीतून तरीवर एक म्हैस पलीकडे नेताना ज्यांनी बघितलंय, ती कशी पाय रोवते, तरी कशी एका अंगाला कलते, त्यांना शंभर बैल त्या जहाजात कसे मावले असतील हे विचारायची गरजच नाही. होमर ऐकणारे लोक समुद्राकाठचे होते, त्यांना हे आपल्यापेक्षा जास्त कळत होतं, आणि तरी कुणाला ते खटकलं नाही.

त्याच सर्गात मागे राहिलेलं सैन्य स्नान करून शुद्ध होतं आणि अपोलोला हेकाटोम्बे देतं, तर ती 'बैलांची आणि बोकडांची'. चौथ्या सर्गात पांडारोस बाण मारायच्या आधी नवस बोलतो, तर कोकरांच्या हेकाटोम्बेचा, त्यात गुरं नावालापण नाहीत. तेविसाव्या सर्गात पात्रोक्लोसच्या अंत्यविधीच्या खेळांत ट्यूक्रोस तसाच नवस बोलायचा विसरतो आणि त्याचा बाण कबुतराऐवजी दोरीला लागतो, मग मेरिओनेस घाईघाईने नवस बोलून कबुतर पाडतो. तोही कोकरांचाच. आणि होमरच्याच दुसऱ्या महाकाव्यात, ओडिसीच्या तिसऱ्या सर्गात तर मोजून आकडा दिलाय: पायलोसच्या किनाऱ्यावर लोक समुद्रदेव पोसायडनला काळेभोर बैल देतायत, नऊ पंगती, एकेका पंगतीत पाचशे माणसं आणि एकेका पंगतीला नऊ बैल. नऊ नव्वे एक्क्याऐंशी. त्यालाच थोड्या वेळाने अथेनादेवी प्रार्थनेत हेकाटोम्बे म्हणते.

म्हणजे शंभर नाही, कधी गुरंच नाहीत, तरी हेकाटोम्बे. आपल्याला हे विचित्र वाटायचं कारण नाही कारण आपण रोज रात्री जेवून शतपावलीला बाहेर पडतो. शंभर पावलं कोण मोजतं? कुणी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतं, कुणी गच्चीवर अर्धा तास फिरतं, पण शब्द शतपावलीच. शिव्यांची लाखोली वाहिली म्हणतो तेव्हापण लाख कोण मोजायला बसतो. आकडा शब्दात जाऊन बसला की तो 'भरपूर, रीतसर, थाटाचं' एवढंच सांगायला लागतो. हेकाटोम्बेचं हेच झालंय आणि होमरच्याही आधीच झालंय, कारण इलियडमध्ये तो शब्द आपल्याला झिजलेल्या अवस्थेतच भेटतो.

बरं, हे ग्रीकांना स्वतःला माहीत होतं का? होतं. इ.स. 200 च्या सुमाराला लिहिणाऱ्या अथेनाइयोसने एक गोष्ट नोंदवलीय: अथेन्सचा सेनापती कोनोन, इ.स.पू. 394 मध्ये क्निडोसच्या समुद्रातल्या लढाईत त्याने स्पार्टाच्या आरमाराचा पराभव केला, मग पिरेअस बंदराला तटबंदी घातली, आणि त्याने 'खरीखुरी, खोट्या नावाची नव्हे' अशी हेकाटोम्बे देऊन सगळ्या अथेन्सकरांना जेवू घातलं. खरीखुरी असं मुद्दाम सांगायला लागलं यातच सगळं आलं. आपणसुद्धा 'अगदी मोजून शंभर' असं तेव्हाच म्हणतो ना, जेव्हा ऐकणारा धरून चाललेला असतो की शंभर म्हणजे अंदाजे.

काही जुन्या भाष्यकारांना मात्र शंभर सोडवेना, त्यांनी वेगळी वाट काढली, शंभर म्हणजे शंभर पाय, म्हणजे पंचवीस जनावरं. हिशोब जमतो पण भाषाशास्त्रात हे बसत नाही, आणि पंचवीससुद्धा त्या जहाजात जरा जास्तच होतात. मी तरी ते धरत नाही.

परीक्षेत लिहाल तर असं लिहा: शब्दशः शंभर गुरं, वापरात मात्र देवाला दिलेला मोठा, सार्वजनिक बळी, जनावर कुठलं आणि किती हे प्रसंगानुसार.

प्रश्न: मॅडम, मी मूळचा रत्नागिरीचा, मर्चंट नेव्हीत सेकंड इंजिनिअर आहे. आमचं जहाज पिरेअसला लागलं होतं, तिथे एका टपरीवर पेपर लटकवलेले असतात त्यातल्या एकाच्या मथळ्यात मोठ्या अक्षरात एक शब्द होता, आमचा ग्रीक फोरमन वाचून म्हणाला एकातोम्वी, म्हणजे खूप माणसं गेली, आणि मग म्हणाला हा आमच्या जुन्या देवांच्या काळातला शब्द आहे. अपघाताच्या बातमीत देवांचा शब्द कसा काय? (एक दर्यावर्दी)

उत्तर: तुमच्या फोरमनने अगदी बरोबर सांगितलं, हा तोच शब्द. ग्रीक भाषा गेल्या अडीच हजार वर्षांत बोलण्यात खूप बदलली, सुरुवातीचा 'ह' गेला, 'ब' चा 'व' झाला, शेवटच्या 'ए' ची 'ई' झाली, म्हणून हेकाटोम्बे आता एकातोम्वी ऐकू येतं, लिहिताना मात्र ती जुनीच अक्षरं. आणि आज त्याचा अर्थ एकाच वेळी गेलेले खूप जीव, युद्धात, भूकंपात, रस्त्यावर. फ्रेंच, स्पॅनिश, इंग्रजीतपण असाच वापरतात.

अर्थ असा का सरकला ते कळायला अवघड नाही, खूप जनावरं कापली जायची, त्यातली कत्तल तेवढी लक्षात राहिली. पण मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण शब्दाचा अर्धा भाग त्यात हरवला आणि हरवलेला अर्धा भाग म्हणजे जेवण. जुन्या ग्रीक माणसाला हेकाटोम्बे ऐकल्यावर मेलेली जनावरं डोळ्यासमोर यायची नाहीत, त्याच्या नाकाला भाजल्याचा वास यायचा आणि आज सगळ्या गावाला पोटभर आहे हे कळायचं.

ओडिसियसचं ते जहाज ख्रिसेसच्या गावी पोचल्यावर काय होतं ते बघा, होमरने पाककृती सांगावी तसं ओळीने सांगितलंय. जनावरं वेदीभोवती नीट मांडून उभी करतात. सगळे हात धुतात. मग जवाचे दाणे उचलतात. ख्रिसेस हात वर करून प्रार्थना करतो, प्रार्थना संपली की दाणे पुढे टाकतात, आपण अक्षता टाकतो तसेच. त्यानंतर जनावरांच्या माना मागे ओढून गळे कापतात, सोलतात, मांडीची हाडं काढून त्यावर चरबीची दुहेरी घडी घालतात, वर कच्च्या मांसाचे थोडे तुकडे ठेवतात, आणि म्हातारा पुजारी ते फोडलेल्या लाकडांवर जाळतो आणि वरून दारू शिंपडत जातो. शेजारी पोरं पाच दातांचे काटे घेऊन उभी. हाडं जळून गेली, काळीज-यकृत वगैरे थोडं चाखून झालं, की मग बाकी सगळं बारीक कापून सळ्यांवर भाजतात, आणि 'समान वाट्याच्या जेवणात कुणाचं मन काही मागत राहिलं नाही'. नंतर दिवसभर पोरं अपोलोची गाणी म्हणतात आणि देव ते ऐकून खूश होतो.

म्हणजे देवाला गेलं काय तर हाडं, चरबी आणि धूर. मांस माणसांचं. याचं कारण ग्रीक लोक एका गोष्टीतून सांगायचे, हेसिओड या जुन्या कवीने ती दिलीय: मेकोने नावाच्या ठिकाणी देव आणि माणसं वाटणी करायला बसली, प्रोमेथियसने एका ढिगात चांगलं मांस घेऊन ते बैलाच्या पोटाच्या पिशवीत लपवलं, दुसऱ्या ढिगात नुसती हाडं ठेवून वर लकाकती चरबी पसरली, आणि देवांचा राजा झ्यूस याला म्हणाला निवड. झ्यूसने चरबीवाला ढीग घेतला. तेव्हापासून वेदीवर हाडं जळतात. आपल्याकडे नैवेद्य दाखवून मग प्रसाद वाटतात, देव त्यातलं काय घेतो हे कुणी विचारत नाही, ग्रीकांनी मात्र ते विचारलं आणि त्याची गोष्ट करून ठेवली, मला हे फार प्रामाणिक वाटतं.

आणि हा सगळा प्रकार पुढे काव्यातून निघून सरकारी कारभारात आला. अथेन्समध्ये वर्षाचा पहिला महिनाच हेकाटोम्बायोन. उन्हाळी अयनानंतर जी अमावस्या होईल तिच्यानंतर नवा चंद्र दिसला की तो सुरू, म्हणजे आजच्या हिशोबाने साधारण आपला आषाढ. त्या महिन्याच्या 28 तारखेला अथेनादेवीचा मोठा उत्सव असायचा, पानाथेनाइया, शहराच्या दरवाजापासून अ‍ॅक्रोपोलिस टेकडीवरच्या देवळांपर्यंत मिरवणूक आणि मिरवणुकीत बळीची गुरं. इ.स.पू. 330 च्या आसपासचा एक शिलालेख मिळालाय त्यात याचं बजेटच आहे. नेआ नावाच्या सरकारी जमिनीचं भाडं 41 म्ना यायचं, एक म्ना म्हणजे शंभर द्राख्मा, त्या पैशातून गाई विकत घ्यायच्या. त्यातली एक, सगळ्यात देखण्या गाईंमधून निवडलेली, नाइके म्हणजे विजयाच्या अथेनेच्या वेदीवर, बाकीच्या मोठ्या वेदीवर. मानकऱ्यांचे वाटे आधी काढायचे, आणि उरलेलं मांस केरामेइकोस भागात लोकांना वाटायचं, ज्या गावातून मिरवणुकीला जेवढी माणसं आली तेवढे त्या गावाचे वाटे. किती गाई हे ठरवायचं पैशाने, शंभर असा आकडा तिथे नाहीच. कातडीसुद्धा वाया जायची नाहीत, मोठ्या उत्सवांतल्या बळींची कातडी विकून पैसे सरकारी हिशोबात जमा व्हायचे, त्या जमेच्या याद्याही दगडावर कोरलेल्या सापडल्यात.

ज्याच्या घरी वर्षभर जव, ऑलिव्ह, चीज आणि मासळी त्याच्या ताटात गुराचं मांस यायचं ते मुख्यतः अशाच दिवशी. म्हणून मी म्हणते की हा शब्द कत्तलीपेक्षा पंगतीच्या जास्त जवळचा आहे. गावच्या जत्रेत बोकड पडला की कुणाच्या घरी किती वाटा जाणार, पहिला मान कुणाचा, यावरून केवढी चर्चा होते ते ज्यांनी बघितलंय त्यांना तो शिलालेख परका वाटणार नाही.

पुन्हा पिरेअसला गेलात आणि शोअर लीव्ह मिळाली तर एक करा. बंदरावरून निघणारी मेट्रोची हिरवी लाईन पकडा, थिसिओला उतरा, केरामेइकोसचे अवशेष तिथून चालत जाण्यासारखे आहेत. आणि तसंच पुढे अ‍ॅक्रोपोलिसच्या म्युझियममध्ये अथेनेच्या मोठ्या देवळाच्या, पार्थेनॉनच्या कोरीव पट्टीत त्या मिरवणुकीतल्या गाई शोधा, त्यांच्या मागोमाग मेंढ्यापण आहेत. पट्टीतल्या बऱ्याच मूळ शिळा लंडनला आहेत, त्यातली एक गाय मान वर करून हंबरतेय आणि माणसं तिला आवरतायत. मी ती फक्त फोटोत बघितलीय, तरी ती मान डोळ्यासमोरून जात नाही.

प्रश्न: सौ. ताईंस आशीर्वाद. मी वाईचा, निवृत्त संस्कृत शिक्षक. हेकाटोम्बे हा शब्द उघडपणे आपल्या 'एकशतगव' वरून गेलेला दिसतो. एक, शत, गो, तिन्ही जागेवर आहेत. ग्रीकांनी तो आपल्याकडून उचलला असं स्पष्ट का लिहीत नाहीत? (एक गुरुजी, वाई)

उत्तर: गुरुजी, नमस्कार. तुमच्या कानाने जे टिपलंय ते जवळजवळ सगळं खरं आहे, फक्त शेवटचं पाऊल मला तुमच्याबरोबर टाकता येत नाही, ते का ते सांगते.

हेकाटोनमधलं 'काटोन' आणि आपलं 'शतम्' हे एकाच जुन्या शब्दाचे दोन अवतार आहेत यात वाद नाही, आणि सुरुवातीचं 'हे' म्हणजे एक असं सर्वसाधारणपणे मानतात. आपणसुद्धा एकशे म्हणतोच. बूस आणि गौः हेही सख्खे. पण उसना घेतलेला शब्द आणि भाऊबंद शब्द यांत एक फरक असतो, भाऊबंदांमध्ये आवाज ठरलेल्या नियमाने बदललेले दिसतात, आणि ते एकाच शब्दात नाही तर सगळीकडे. ग्रीकमध्ये जिथे 'क' तिथे संस्कृतात 'श' बघा: डेका म्हणजे दश. कुत्र्याला ग्रीकमध्ये क्युओन, संस्कृतात श्वन्. आणि 'ब' च्या जागी 'ग': जड या अर्थी ग्रीक बारुस, संस्कृत गुरु. चालणं या अर्थी बाइनो, आपला गम् धातू. बूसचं गौः व्हायला हाच नियम लागला. संस्कृतातून उचलला असता तर त्यांनी गाईला 'गौस' सारखंच काहीतरी म्हटलं असतं, ग सोडून ब कशाला केला असता, ग त्यांच्याकडे होताच की. म्हणजे आई एक, मुली दोन. दोन्ही मुलींनी आईचा दागिना आपापल्या पद्धतीने मोडून घडवला.

पण गुरुजी, तुमच्यासाठी यापेक्षा सुंदर गोष्ट माझ्याकडे आहे. तुम्ही 'एकशतगव' बनवलंत, पण तयार जोडीदार शब्द वेदातच बसलाय. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलात इंद्र आणि बृहस्पतीला विनवणी आहे, 'अस्मे इन्द्राबृहस्पती रयिं धत्तं शतग्विनम्'. शतग्विन्, शंभर गाईंचं धन. इथे 'गो' आखडून 'ग्व' झालाय, तिथे 'बूस' आखडून 'बे' झालाय, समासात शिरताना दोघांनी अंग चोरलं ते एकाच रीतीने. आणि मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात शतगु आणि सहस्रगु आहेत, म्हणजे शंभर गाईंचा धनी, हजार गाईंचा धनी, हे तुम्हाला पाठच असेल.

आता गंमत बघा, तेच दोन शब्द, शंभर आणि गाय, दोघांनी तसेच जोडले, पण ग्रीक माणूस त्यातून म्हणतो देवा तुला शंभर देतो, आणि वेदातला ऋषी म्हणतो देवा आम्हाला शंभराचं धन दे. गुराढोरांवर श्रीमंती मोजणाऱ्या लोकांच्या दोन टोळ्या वेगळ्या दिशांना गेल्या आणि शंभर गाई हा मोठा आकडा दोघींनी बरोबर नेला. मला यात उसनवारीपेक्षा कितीतरी जास्त जवळीक दिसते.

प्रश्न: मी दोहाला असते, मुलगा आठवीत. त्याच्या ट्यूशनच्या सरांनी सांगितलं की पायथागोरसला काटकोन त्रिकोणाचा सिद्धांत सापडला तेव्हा त्याने आनंदात शंभर बैल कापले. मुलगा तेव्हापासून विचारतोय की पायथागोरस तर व्हेजिटेरियन होता ना. मला काही सांगता आलं नाही. (एक आई, दोहा)

उत्तर: मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या, हाच प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वी सिसेरो या रोमन लेखकाने विचारला होता.

गोष्ट जुनी आहे. आपोलोडोरोस नावाच्या एका गणितज्ञाच्या नावावर दोन ओळींचं पद्य चालत आलंय की पायथागोरसने ती प्रसिद्ध आकृती शोधली आणि त्यासाठी बैलांचा थोर बळी दिला. पद्यात आकडा नाही. ते उतरवून घेणारा डायोजेनिस लाएर्टियस मात्र हेकाटोम्बे म्हणतो, आणि तिथून शंभर. सिसेरो एकाच बैलाची गोष्ट सांगतो आणि लगेच म्हणतो की मला हे पटत नाही, कारण पायथागोरसने डेलोसच्या अपोलोलासुद्धा बळी द्यायला नकार दिला होता, वेदीवर रक्त सांडू नये म्हणून. वरच्या उत्तरात बाराचे शंभर कसे होतात ते आलंय, इथे एकाचे झाले.

आणि पॉर्फिरी नावाच्या तत्त्वज्ञाने यातून जो मार्ग सांगितला तो मुलाला नक्की आवडेल. तो म्हणतो, जास्त अचूक माहिती असणारे सांगतात की तो बैल कणकेचा होता. गव्हाच्या पिठाचा मळून केलेला बैल. आपल्याकडे पिष्टपशू म्हणतात तो हाच प्रकार, मनुस्मृतीत पिठाचा आणि तुपाचा असे दोन्ही पशू सांगितलेत, आणि ते नसेल बघितलं तर घरी कोहळा कापताना तरी त्याने बघितलं असेलच. बळीची रीत मोडायची नाही आणि जीव पण घ्यायचा नाही, असा पेच पडला की इथेही तिथेही माणसाचा हात कणकेच्या परातीकडेच गेला. सिद्धांत सापडला त्या दिवशी नक्की काय झालं यापेक्षा मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं, की पायथागोरसला मानणाऱ्या लोकांना त्याच्या हातात सुरी बघवत नव्हती आणि त्यांनी तिथे पिठाचा गोळा ठेवला.

मुलाला सांगा, सरांची गोष्ट खूप जुनी आहे पण ती ऐकून शंका घेणारेही तेवढेच जुने आहेत, आणि तू त्यांच्या बाजूचा आहेस.

प्रश्न: ताई, सोलापूरच्या मैत्रिणीने तिचा प्रश्न मला पाठवायच्या आधी वाचून दाखवला होता, माझा त्याच्यापुढचा एका ओळीचा: मग त्या बारा कालवडी दिल्या का शेवटी? (तिची रूममेट)

उत्तर: नाही. हेक्टरची आई हेकाबे घरातल्या कोठीतलं सगळ्यात सुंदर, ताऱ्यासारखं चमकणारं, सगळ्यांच्या तळाशी ठेवलेलं वस्त्र काढते, म्हाताऱ्या बायकांना घेऊन वर देवळात जाते, तिथली पुजारीण थेआनो दार उघडते, बायका हात वर करून आक्रोश करतात. थेआनो ते वस्त्र अथेनेच्या मांडीवर ठेवते आणि नवस बोलते की डिओमिडिस या ग्रीक वीराचा भाला मोडू दे, तो आमच्या वेशीसमोर तोंडघशी पडू दे, आम्ही लगेच बारा कालवडी देऊ, वर्षाच्या, ज्यांना अजून कुणी पराणी लावलेली नाही अशा, फक्त शहरावर, बायकांवर आणि तान्ह्या पोरांवर दया कर.

आणि पुढची ओळ अशी आहे की अथेनेने नकाराची मान हलवली. डिओमिडिस पडला नाही, म्हणून नवस फेडायची वेळच आली नाही.

थेआनोला ते दिसलं का, हे होमर सांगत नाही. बायका प्रार्थना करत राहतात आणि तो तिथून हेक्टरच्या मागे, त्याचा भाऊ पारिस याच्या घराकडे निघून जातो.